दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

अमरावती
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रीतमदादा,
सप्रेम जय भीम.

आईचे गुडघे कसे आहेत? पायलचं दहावीचं वर्ष, तिला उगाच रागावू नकोस. आरती वहिनींना माझा नमस्कार सांग.

फोन केला की तू "आईले देतो" म्हणतोस आणि फोन आईच्या हातात जातो. बाबा गेल्यापासून तीन वर्षं हेच चाललंय, म्हणून पत्र लिहितेय.

चार दिवसांपासून अमरावतीत आहे. बाबांसारख्या पेशंटच्या घरी जाऊन आम्ही रक्ताचे नमुने घेतो आणि हैदराबादला प्रयोगशाळेत नेतो. आपलं तिवसा इथून तासाभरावर. काल स्टँडवर गेले होते. गाडी लागलेली होती, मी चढले नाही.

तू एकदा रागात विचारलं होतंस, "बाबाले कापून काय सापडलं तुले?" त्याचं उत्तर आज सांगते. या आजारात हातापायांच्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. आधी बाबांचा अंगठा गेला, गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवताना ब्रश हातातून सुटायला लागला. मग पाय गेले, जीभ गेली. पण डोळे हलवणाऱ्या पेशी बहुतेक पेशंटमध्ये शेवटपर्यंत टिकतात. शेजारच्या मरतात आणि त्या कशा जगतात, हे कळलं तर बाकीच्याही वाचवता येतील कदाचित. माझं काम तेवढंच आहे. बाबांच्या पेशींत आम्हाला त्याचा एक धागा मिळालाय. औषध नाही, फक्त धागा. पुढच्या महिन्यात त्यावरचा लेख पाठवायचा होता.

पण लिहायचं होतं ते हे नाही.

परवा नत्थुजी नावाच्या काकांकडे गेलो होतो. त्यांचेही फक्त डोळे हलतात. वर पाहिलं की हो, मिटले की नाही. रक्त घेऊ का, असं विचारलं, त्यांनी वर पाहिलं. आमच्याकडे नियम आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. काल पुन्हा विचारलं तर त्यांनी डोळे मिटले. सून म्हणाली, "दमले असतीन, मॅडम. घेऊन टाका." माझ्यासोबतच्या मोनालीनं सुई पिशवीत परत ठेवली. "नाई म्हनले ना काका, मंग नाई," एवढं म्हणून ती हसून उठली. 

दादा, बाबांनाही मी दोनदा विचारलं होतं.

तुम्हाला सगळ्यांना मी सांगितलं की बाबा हो म्हणाले. पहिल्या दिवशी म्हणालेच होते. तुम्ही गेल्यावर तुमच्या मेंदूचा, मणक्याचा भाग अभ्यासासाठी ठेवू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, तेव्हा डोळे मिटले. मी स्वतःला सांगितलं, झोप लागली. तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते "नाही" असेल, अशी मला भीती होती. पाच दिवसांनी बाबा गेले. मी आईपुढे कागद धरला, तिनं सही केली. तू कामावरून पोचेपर्यंत बाबांना घेऊन दवाखान्याची गाडी गेली होती.

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. काल रात्री आमच्या सरांना फोन करून सांगितलं. लेख थांबवलाय. बाबांचा उरलेला भाग अजून जपून ठेवलेला आहे. तुम्ही म्हणाल तर तो परत आणीन, तुझ्या हातात देईन.

माफ कर असं लिहिणार होते. पण तो शब्द मी बाबांना म्हणायला हवा होता.

तुझी,
दीपा


तिवसा
१७ नोव्हेंबर

दीपे,
जय भीम.

पत्र भेटलं. दोन दिवस खिशात ठेवलं. मंग आईले वाचून दाखोलं. मले वाटलं रडन. नाई रडली. म्हने, "मी तठीच बसली व्हती. त्याईनं डोये मिटले ते म्या पाह्यलं. तरी सही केली. दोन वर्स म्या त्याईले हातानं चारलं. उद्या तुमच्यातल्या कोनाले झालं तं? पोरीच्या मांगं काहून लागला? सही माही हाय."

तीन वर्स मी तुह्यावर राग धरून राह्यलो अन् आई रोज माह्यासमोर जेवत व्हती.

राग गेला असं समजू नको. बाबाले परत आनल्यावर आंघोय म्या घातली. मानेवरचे टाके माह्या हाताले लागले. तू मले एक फोन केला असता तं मी काय म्हनलो असतो, मले आजबी मालूम नाई. पन इचाराले पाह्यजे व्हतं.

आई म्हनते, जे हाय ते राहू दे, काम कर. मी म्हनतो, कर. पन लेखात बाबा हो म्हनले असं लिहू नको. घरच्याईनं देलं असं लिही. ते खरं हाय.

अन् लोकाईच्या घरी रक्त घेत फिरून राह्यली, तं आपल्या घरीबी ये. आधी आईचे पाय धर. मंग माह्या रक्तासाठी मले इचार. दोन दिवस मुक्कामानं ये. पह्यल्या दिवशी इचार, दुसऱ्या दिवशीबी इचार.

तुहा दादा,
प्रीतम