दापोड्याच्या गाडीतला नारळ

दापोडे, ता. भिवंडी
४ फेब्रुवारी

चि. सौ. विनितास,
केसरीनाथचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तर आत्ता लिहितो आहे, त्याची माफी असावी. कागद पुढ्यात घेतला की डोकं तापतं आणि ठेवून द्यावा लागतो. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतंच.

हितेश आता धामणकर नाक्यावर दुसऱ्याची शेअर रिक्षा चालवतो. रक्सौलपर्यंत कंटेनर नेणारा तुझा भाऊ शेलार गावच्या गिऱ्हाइकांसाठी 'शेलार, शेलार' ओरडत उभा असतो. ओळखीचे लोक बसताना म्हणतात, आमची पिशवी उघडू नको हां. तो हसतो. घरी आला की जेवत नाही. मला भीती वाटते, पण विचारायचं धाडस होत नाही.

कुणाल माझा सख्खा पुतण्या, माझ्याच गोडाऊनमधून त्याचा माल नेपाळला जातो. हितेशच्या शेवटच्या खेपेला कंटेनरच्या दाराला इलेक्ट्रॉनिक सील लागल्यावर कुणालला गावदेवीचा नारळ आठवला. सील उपसलं, नारळ मालावर ठेवला आणि सीलचा दांडा पुन्हा दाबून बसवला. मी तिथेच उभा होतो. तिकडे रक्सौलच्या सीमेवर यंत्राने सील उघडल्याचं दाखवलं. कोणी उघडलं, कुठे उघडलं, ते यंत्र सांगत नाही. कुणालने सांगितलं, ड्रायव्हरने वाटेत उघडलं. वर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हितेशचा फोटो टाकला. मी दारोदार खरं सांगितलं, पण बापाची साक्ष कोण धरतो?

आता हितेशच्या जागी कुणालने मेहुण्याला, भाविकला घेतलं आहे. पुढल्या आठवड्यात त्याची पहिली खेप निघेल. नारळाचं मी बघेन म्हटलं आहे. घरात वडील माणूस मीच ना.

जावईबापूंना माझा आशीर्वाद. तिकडे थंडी फार, छातीला तेल लावत जा. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

रक्सौल
१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
विनिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हाती आलं आणि दोनच दिवसांत कुणालदादाची गाडी इथे आली. तुम्हाला माहीत आहे, आमचे हे कस्टम एजंटच्या ऑफिसात गाड्यांची माहिती कॉम्प्युटरवर चढवतात. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, सीलचा नंबर, सगळं गाडीच्या आधी इथे पोचलेलं असतं. फाटकावर सील तपासलं आणि पुन्हा तेच निघालं. उघडलेलं सील. दार उघडलं तर मालावर नारळ.

गाडी अडवून ठेवली आहे. भाविक केबिनमध्ये बसून आहे. इथली भाषा धड येत नाही, पोराचा चेहरा उतरलेला. मी डबा पाठवते, तर डब्यासोबत निरोप येतो, ताई, मी हात पण न्हाय लावला. बाबा, हितेशही हेच सांगत होता.

नारळाचं बघेन असं तुम्ही लिहिलं होतं. काय बघितलंत? कुणालदादाचा राग मलाही आहे. हितेशचा तो फोटो आठवला की माझंही रक्त उसळतं. पण भाविकने आपलं काय वाकडं केलंय? कस्टमवाले म्हणतात, सील जिथे लागलं त्या गोडाऊनच्या मालकाने लेखी दिलं की दार आवारातच उघडलं होतं, तर ड्रायव्हर सुटेल. तो मालक तुम्हीच आहात.

चिडू नका, गोळ्या वेळेवर घ्या. काही चुकीचं लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
विनिता

दापोडे
२६ फेब्रुवारी

चि. सौ. विनितास अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मी काहीच केलं नाही. सील लागेपर्यंत नारळ माझ्या पिशवीत राहिला, एवढंच. मग मी कुणालच्या बायकोला, माधवीला म्हटलं, सूनबाई, देवीचा नारळ राहिला बघ. भाऊ पहिल्यांदा एवढ्या लांब चाललेला. ती गाडीसमोर उभी राहिली आणि नारळ आत गेल्याशिवाय हलेना.

मला वाटलं, कुणाल घाबरेल. पण हितेशनेच वाटेत उघडलं, हे त्याने इतक्या जणांना सांगितलंय की आता त्याला स्वतःलाही ते खरं वाटतं. दांडा दाबून बसवला की झालं, असं म्हणत त्याने माझ्यादेखत सील उपसलं. मी गप्प राहिलो. विनिता, मला त्या गप्प राहण्यात फार बरं वाटलं.

परवा तो माझ्या ओटीवर आला. मागे माधवी, रडून डोळे सुजलेले. मेहुण्यावर ढकलायची सोय नाही, सासर तुटेल. म्हणाला, "काका, तू लिवून दे ना. तू व्हतास तिथं."

मी म्हटलं, "हितेशच्या टायमाला पन मी तिथंच व्हतो."

मुलासाठी माझ्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती, त्याच्या मेहुण्यासाठी सोन्याची झाली. मी त्याला चहा पाजला आणि अट सांगितली. आधी हितेशच्या खेपेचं खरं काय ते कस्टमच्या ऑफिसला स्वतःच्या नावाने कळवायचं. मग ज्या ग्रुपवर फोटो टाकला तिथेच लिहायचं की सील मी उघडलं होतं. माधवीने पहिल्यांदाच ऐकलं की तेव्हाही नवऱ्यानेच उघडलं होतं. ती उठली आणि त्याच्यासाठी न थांबता माहेरी गेली. तिला हाक मारावी असं मला क्षणभर वाटलं. मारली नाही.

काल रात्री त्याने ग्रुपवर लिहिलं. हितेशने वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला. ऑफिसलाही ऑनलाइन पाठवलंय, असं कुणाल सांगतो. त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. जावईबापूंना बघायला सांग, ते तिथे पोचलं का आणि त्यात हितेशचं नाव नीट लिहिलंय का.

भाविक निर्दोष आहे, हे मला ठाऊक आहे. त्याला डबा देत राहा, पांघरूण दे. तरी त्याच्या सुटकेचा कागद तयार असून मी सही केलेली नाही. हितेशही निर्दोष होता आणि त्याला कोणी डबा दिला नाही.

फोनवर सांगू नकोस. हितेशच्या हातात देता येईल असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं मला हवं, मगच सही. टपालाला लागतील ते दिवस लागू देत, तोवर कुणालने रोज माझ्या ओटीवर यावं. तू मात्र हे वाचताच उत्तर टाक. लवकर कळव, बाळा.

तुझा,
बाबा