लॅमिनेशन केलेलं क्रेडिट कार्ड

माजरी, मंगळवार, ऑक्टोबर २००४

आज चंद्रपूरच्या दुकानात पोरीच्या स्वेटरसाठी पहिल्यांदा क्रेडिट कार्ड काढलं, अन् फजिती झाली. मशीनच्या फटीत कार्ड जाईच ना. दुकानदार म्हणे, "भाऊ, याले लॅमिनेशन काऊन केलं?"

काऊन म्हणजे? खाणीतल्या कोळशाच्या भुकटीनं माह्या खिशातलं सारंच काळं होते. आयकार्ड, रेशन कार्ड, बाबाचा फोटो, सारं झेरॉक्सवाल्या सलीमभाईकडून लॅमिनेशन करून घेतलं. तसंच हेही केलं. चुकलं काय माह्यं?

शेवटी बायकोनं, सुनंदानं, रुमालातले पैसे काढून दिले. बसमध्ये म्हणे, "भाजीवाली कार्ड घेत नाई, दूधवाला घेत नाई. मंग रोजच्या खर्चाले हे कोणत्या कामाचं?" कार्ड देतानी बँकेतला साहेब तर म्हणे, रोज वापरा, फायदा आहे. पेट्रोल पंपावर चालते म्हणे. माह्यापाशी सायकल आहे!

घरी येऊन ब्लेडनं लॅमिनेशन सोलाले बसलो, तर मागची काळी पट्टीच निघून राह्यली. आता सोललं तर पट्टी जाईन, नाई सोललं तर मशीन घेणार नाई. कामाची वस्तू जपून ठेवावी, एवढंच मले माहीत. हे तर घासलं तरच कामाचं!

सुनंदानं माह्या हातातून कार्ड घेतलं अन् पेटीत बाबाच्या फोटोखाली ठेवून दिलं. "राहू द्या," म्हणे, "चांगलं दिसते."

ठेवलं खरं. पण वर्षाची फी तर पेटीतल्या कार्डालेही लागतच असन ना?