बाई, तुम्ही याला विचारा म्हणालात

बाई, तुम्ही शिकवायचात जपानी आणि मी हाक मारायचो मराठीत. ‘सेन्सेई’ म्हणताना जीभ अडायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, आमच्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात. तुम्ही हसलात आणि बाई झालात. पुण्याहून वर्क परमिटवर आलेला मी, कंपनीचा क्लायंट जपानी, भाषा शिकायची होती, म्हणून लंडनमध्ये हॅरोला तुमच्याच घरातली वरची खोली घेतली. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन आणि मी अजून तुमच्यावर भयंकर चिडलेलो आहे.

ट्यूबमध्ये, तिथल्या भुयारी रेल्वेत, बॉम्ब फुटले, त्यानंतरचा हिवाळा. रविवार सकाळ, किचनमध्ये तुम्ही मुळा किसताय, मी क्रियापदं घोकतोय. मधेच किसणी खाली ठेवून तुम्ही तुमच्या मिस्टरांचं सांगायला लागता. कोबेच्या हॉस्पिटलात ते चार महिने नळ्यांवर होते. कॅन्सर आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. डॉक्टर दिरांशी बोलायचे, दीर ठरवायचे, तुम्ही मान डोलवायचात. नळी ओढू नये म्हणून शेवटी त्यांचे हात कॉटला बांधले होते. “त्यांना सगळं कळत होतं,” तुम्ही म्हणालात. “माझं हृदय थांबलं तर थांबू दे. छातीला हात लावू देऊ नकोस कुणाला. तू सांग डॉक्टरांना.” आणि मी काय म्हणालो? “छे छे, बाई, सकाळी सकाळी काय अभद्र बोलता! शंभर वर्षं जगाल.” तुम्ही तीनदा तो विषय काढलात. तिसऱ्यांदा मी चक्क कानांवर हात ठेवले. आमच्या घरात मरणाचं नाव काढलं की आई अंगावर ओरडायची, तसाच वाढलो मी.

पुढच्या वर्षी तुमचं हृदय खरंच थकलं. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई कॉटवर बसून तुम्हाला सरळ विचारतात, हृदय बंद पडलं तर आम्ही प्रयत्न करायचा का? तुम्ही गोड हसून माझ्याकडे बोट दाखवता. “याला विचारा.” “नाही, डिसिजन तुमचं आहे.” “याला माहीत आहे.” मला मरू द्या, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं नाही, जवळच्याने ते ओळखून बोलायचं, ही तुमची रीत. डॉक्टरीणबाई मला कॉरिडॉरमध्ये घेऊन आल्या. म्हणाल्या, “तुम्ही काही ठरवायचं नाहीये. त्यांना काय हवंय, तेवढंच सांगा.” मी म्हणालो, “आय डोन्ट नो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याशी बोलता बोलता तुमची मान कलंडली. घंटा, पळापळ, पडदा ओढला कुणीतरी अर्धाच. एक धिप्पाड माणूस तुमच्या छातीवर दोन्ही हात रोवून दाबतोय. तिसऱ्या-चौथ्या दणक्याला बरगडी मोडली, वाळकी काटकी मोडावी तशी. मग आणखी एक. तोंडातून रक्त आलं. गाऊन टराटरा फाडला, शॉक दिला, तुमचं एवढंसं अंग गादीवरून उडालं. “सोडा तिला! मारताय तुम्ही तिला!” मी त्या माणसाची कॉलर धरली, सिक्युरिटीवाल्याने मला मागे खेचलं तर त्याचा ओठ फोडला. आणि तुम्ही परत आलात. आठ दिवस मशीनवर. नळी ओढू नये म्हणून तुमच्या हातांत जाड मोजे चढवले होते. डोळे उघडे असायचे आणि मी दिसलो की भिंतीकडे वळायचे.

दोनदा विचारलं होतं हो त्या बाईने तुम्हाला, दोनदा! एक ‘नको’ म्हणायला काय झालं होतं? सगळं माझ्या गळ्यात घालून हसत बसलात. परक्या पोराच्या, ज्याला मरण हा शब्दसुद्धा उच्चारता येत नव्हता. असा संताप येतो ना, अजून भिंतीवर मूठ आपटावीशी वाटते.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून लिहितो. कॉरिडॉरमध्ये मला शब्द सुचले नाहीत, असं मी बायकोलाही सांगितलंय. खोटं आहे. वाक्य तयार होतं, इंग्रजीत, तोंडापर्यंत आलेलं. तुमचं मरण माझ्या तोंडून यायला नको होतं, बस्स. आणि तो माणूस तुमच्या छातीवर पहिल्यांदा वाकला ना, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, बाई. ओरडलो मी नंतर.