काळ्या टोकांचा दोर

मी, खाली सही करणारा, वय पन्नाशीच्या जवळ, धंदा परांची बांधणे, म्हणजे इमारतीला बाहेरून वासे आणि फळ्या बांधून कामगारांना उभे राहायला जागा करणे, प्रभू येशू ख्रिस्ताला समोर ठेवून हे लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावून लिहून घेतलेले नाही. धमक्या आल्या त्या गप्प बसण्यासाठी. उद्या माझी कोर्टात साक्ष आहे.

कलम १. माझे राहते घर पत्नीने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते आमच्या परांचीवरून पडून गेलेल्या रंगाऱ्याच्या बायकोला जावे. आम्हांला मूलबाळ नाही, त्यामुळे थोरला भाऊ या घराकडे आपलेच म्हणून बघत आला आहे. आला की भिंतीवर बोटे वाजवून पाहतो. त्याला यातली वीटही मिळू नये. माझ्या मरणात त्याचा फायदा नसावा, हे कायद्याच्या भाषेत कसे मांडतात ते मला ठाऊक नाही, म्हणून असेच लिहितो.

कलम २. उद्या मी बोलायला उरलो नाही तर हे कलम माझी साक्ष समजावी. आमच्या वडिलांचा नियम होता, की झिजलेला दोर नुसता टाकून द्यायचा नाही. टाकलेला दोर कोणीतरी उचलतोच. त्याचे हातभर तुकडे करायचे, टोके काळ्या रंगात बुडवायची आणि पोत्यात भरायचे. काळे टोक दिसले की तो दोर मेला. भाऊ ठेकेदार झाला तसा नव्या दोरासाठी त्याचा हात आखडू लागला. त्याने माझ्या पोत्यातले तुकडे गाठी मारून जोडले आणि वरची फळी त्यांवर बांधून घेतली. त्या फळीवरून रंगारी पडला आणि जागीच गेला. तुटलेल्या बांधणीत काळी टोके होती. मी ती पोलिसांना दाखवली. भाऊ सांगत फिरतो की रंगारी प्यायलेला होता. त्या माणसाला दारूच्या नुसत्या वासाने मळमळायचे.

कलम ३. माझी विजेरी वहिनींना द्यावी. दोघे नवराबायको घरी आले, पाणी प्यायले, आणि निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, जिन्यावरून जपून उतरत जा. तुमच्या जिन्यात फार अंधार असतो." त्यांना आमच्या जिन्याची एवढी काळजी, तर विजेरी त्यांच्याकडेच शोभेल.

त्या वाक्याने माझी काय दशा झाली तेही इथे नोंदवतो. जन्मभर उंचावर काम केलेला मी, जिना उतरताना भिंत धरू लागलो. दाराला कपाट लावून झोपू लागलो. पत्नी म्हणाली, "मेल्यावर तुम्हांला बाहेर काढायला आधी कपाट हलवावं लागेल." उपासनेलाही मी शेवटच्या बाकावर, पाठ भिंतीला लावून बसायचो. भाऊ त्याच मंडळीत येतो आणि गाणी मोठ्याने म्हणतो.

एका रविवारी पाळकांनी गेथशेमाने बागेतला भाग वाचला. लहानपणापासून ऐकलेला. पण प्रभूलाही घाम फुटला होता, हे मी त्या दिवशी ऐकले. तो घाबरला, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा केली, आणि मग उठून, धरायला आलेल्यांच्या समोर स्वतःच गेला. पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसलो. भाऊ मुद्दाम माझ्या मागे येऊन बसला. प्रार्थनेला मी डोळे मिटले. शेवटपर्यंत उघडले नाहीत. आमेन झाल्यावर तो कानाशी म्हणाला, "मान उघडी टाकून बसतोस?"

मी म्हणालो, "दादा, ही मान माझी नाही. तुझी तर नाहीच."

भीती गेली असे मी म्हणत नाही. मी तिची चाकरी सोडली. कपाट जागेवर गेले.

कलम ४. वासे, फळ्या आणि नवा दोर माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनी वाटून घ्यावा. काळ्या टोकांचे पोते मात्र जाळावे.

कलम ५. वडिलांचा ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते दाखवणारे दोरीला टांगलेले वजन, ज्यावरून आम्ही भाऊ आयुष्यभर भांडलो, तो भावाला द्यावा. त्याच्या हातात गेला तरी तो त्याच्या बाजूला झुकणार नाही.

कलम ६. बँकेतली शिल्लक पत्नीची. माझ्या दफनविधीला भावाने यावे, पण गाणे म्हणू नये.

याची एक प्रत आजच भावाकडे पोचवली आहे. उगीच आशेवर राहायला नको.

ठिकाण: राहते घर, जिन्याकडची खोली.
दिनांक: साक्षीचा आदला दिवस.
सही: परांचीवाला
साक्षीदार: मंडळीचे पाळक (सही), शेजारचा शिंपी (सही)

पुरवणी, दुसऱ्या दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: साक्ष दिली. जिना दिव्याशिवाय उतरलो, तसाच चढून आलो. कोर्टाच्या आवारात भाऊ म्हणाला, "जिवंत आहेस ना? मग फाड तो कागद." प्रभू सांगतो म्हणून मी त्याला क्षमा करायला शिकतो आहे, त्याला वेळ लागेल. तोवर वरील एकही कलम बदलत नाही.