एक फळी राहिली आहे

तीर्थस्वरूप दादाच्या पायाशी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी दोन-तीन अंगं जमिनीपर्यंत पोचत नाहीत. जेवढी पोचली तेवढी गोड मानून घे. कागदावर तुला अहो-जाहो करायला गेलो तर चौथ्या ओळीला दम लागेल, म्हणून नेहमीचं अरे-तुरेच चालवतो.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? सूनबाईचा फोन आला होता. म्हणाली, बाबा अगदी आनंदात आहेत, फक्त परवा पाहुणे जेवायला बसलेले असताना टेबलाखाली शिरून पायांचे सांधे ठोकून बघत होते. मी विचारलं, पाहुण्यांच्या की टेबलाच्या? टेबलाच्या, म्हणाली. मग मी काळजी सोडली. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, नातवंडं आहेत, तुला काय कमी? मजा कर. आमचंही छान चाललं आहे. म्हणजे कारखान्याचं छप्पर जागेवर आहे, करवतीला धार आहे आणि तुझी भावजय माझ्याशी दिवसाआड बोलते.

होडी मात्र अजून उभी आहे. सबुरीची होडी. (त्याला हे टोपणनाव कोणी ठेवलं कोण जाणे, त्या माणसाला चहा निवेपर्यंतही धीर नसतो.) तू मुलाकडे राहायला गेलास तेव्हा चार फळ्या लागायच्या होत्या. तीन लागल्या, एक राहिली आहे. होडीच्या पोटाला मधोमध वीतभर रुंद फट आहे आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्यातून डोकावून ‘अजून?’ एवढंच विचारतो. मी म्हणतो, ‘अजून.’ संभाषण संपतं.

उशीर का झाला ते सांगतो. तुला ठाऊकच आहे, मी बाहेरून खिळा ठोकायचा आणि तू आत बसून लोखंडी ठोकळा दाबून धरायचास, म्हणजे खिळ्याचं टोक वळून लाकडात रुतायचं. मध्ये फळी, त्यामुळे तू मला दिसायचा नाहीस. पण आतून एक टकटक म्हणजे ‘हाण’, दोन म्हणजे ‘थांब, वाकडा येतोय’, आणि न थांबता ठोकत राहिलास की ‘गाढवा, चहा आण’. जन्मभर आपण असंच बोललो. समोरासमोर बसलो की दोघांनाही काही सुचायचं नाही. आता आत कोणाला बसवायचं? पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याला बसवलं. हात हलका म्हणून बसवलं, तर इतका हलका की पहिल्याच घावाला ठोकळा त्याच्या पायावर. मग निवृत्त पोस्टमास्तर आले. माणूस सरळ, पण प्रत्येक खिळ्याच्या आधी ‘ठोकू का?’ असं तुम्ही मला विचारा आणि मी ‘ठोका’ म्हणेन, असा त्यांचा आग्रह. दुपारपर्यंत घसा माझा बसला, खिळे बसले नाहीत.

शेवटी तुझी भावजय पदर खोचून आत शिरली. खरं सांगतो दादा, हात तिचा पक्का. तीनही फळ्या तिच्याच जिवावर लागल्या. पण मी बाहेर, ती आत, मला हातोडी सोडून पळता येईना, हे तिच्या चटकन लक्षात आलं. लग्नापासूनचं साठलेलं सगळं तिने दोन घावांच्या मध्ये फळीपलीकडून मला ऐकवलं. (तिच्या मावशीच्या सत्तरीला मी भुशाने भरलेल्या कपड्यांत गेलो होतो, हे तुझ्या लक्षात आहे का? तिच्या आहे.) तिसरी फळी झाल्यावर ती बाहेर आली, ठोकळा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “शेवटचीला दादांना बोलवा. मी आता आत जायची नाही, आणि तुमचं हे उतरलेलं तोंडही बघवत नाही.”

मग शेवटच्या फळीचं रामायण. फळी वाफेवर नरम झाली की गरम आहे तोवर होडीला भिडवायची, दोघांनी एका पावलाने पळायचं. न्हावी पायाच्या अपमानाची भरपाई करतो म्हणून पुढे झाला. आम्ही निघालो, आणि वाटेत त्याला गिऱ्हाईक दिसलं. हा थांबला! विचारपूस केली, दाढी कधी करायची ते ठरवलं. तोवर फळी आमच्या दोघांच्या खांद्यांवर भलतीकडेच वाकून थंड झाली. ती आता त्याच्या दुकानात बाक म्हणून आहे. मधे उंच असल्यामुळे बसलेली गिऱ्हाइकं हळूहळू दोन्ही टोकांना घसरतात. तिच्या जागी दुसरी फळी कापली, ती मी एकट्याने वाकवायला गेलो. ती तडकली, आणि कंबर तेव्हाच धरली.

सबुरी रोज येतो. परवा त्याने रागाने त्या फटीत डोकं घातलं, ‘बघू दे आत काय उरलंय’ म्हणाला, आणि डोकं बाहेर येईना. शेवटी कानांना खोबरेल तेल लावून काढला. तेलकट कानांनीच त्याने मला सांगितलं की हंगाम तोंडावर आहे, येत्या चार दिवसांत होडी पाण्यात पडली नाही तर तो फायबरची आणतो. आणेल तो. त्याच्या भावाने आणलीच आहे. मला राग नाही आला रे. नुसतं दुधी प्लास्टिक, ना फळी, ना खिळा, आत कोणी बसायची गरज नाही. सबुरीच्या होडीनंतर आपल्याकडे कोणीच होडी सांगितलेली नाही, हे तुला माहीत नसेल.

तुझा मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा मीच हौसेने तुझी ट्रंक चढवली. वर ‘जा, जा, आराम कर’ असंही म्हणालो. कोणी सांगितलं होतं मला शहाणपण? एकदा तरी ‘थांब’ म्हणायला हवं होतं. तू थांबला नसतास, पण मी म्हणायला हवं होतं. फार चुटपुट लागून राहिली आहे मनाला.

असो. आमची काळजी करू नकोस. घरातल्या पोरांच्या डोक्यावर माझ्या वतीने हात ठेव, सूनबाईला म्हणावं टेबल चांगलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. — वरचं सगळं सहज लिहिलं. पण जमलं तर एक दिवस ये. गुडघ्यांना त्रास नको म्हणून आत चढायला पायरी केली आहे, बसायला उशी ठेवली आहे. काम काही नाही, नुसता ठोकळा धरायचा. लाकूड मिळालं की त्या शेवटच्या जागेसाठी तिसऱ्यांदा फळी कापायला घेतो, तोवर तू पोचशील.

ता. क. आणखी एक — लाकडाचं खोटं आहे. ही तिसऱ्यांदाची फळी कधीचीच तयार आहे. गावातल्या सुताराकडच्या चौघा पोरांनी मिळून वाकवून दिली. कच्च्या चार खिळ्यांवर चढवून पाहिली, तर अशी बसली की केसही आत जाईना. मी तिच्यावरून हात फिरवला, आणि उतरवून भुशाखाली लपवून ठेवली. तुझ्या भावजयीला सांगितलं हीही तडकली, सबुरीला सांगितलं लाकूड येतंय. ती बसली की आपलं संपलं दादा, आणि ते मला एकट्याला करवत नाही. मी कितीही दिवस थांबलो असतो रे. पण होडी सबुरीची आहे.