मुकादमाचा लाडका शब्द

तीर्थस्वरूप दादास, धाकट्याचा नमस्कार.

मी खुशाल आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

इथे परदेशात, धुलाईच्या कारखान्यात मुकादम उठसूट ‘पिस ऑफ’ म्हणतो. कपड्यांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने अर्थ सांगितला, “चालता हो, पण शिवी घालून. तूही उलट म्हण, इथे असंच चालतं.” सकाळी देवाचं नाव घेतलेल्या तोंडाने मी ते म्हणणार नाही.

आता तो मला तसं बोलला की मी इस्त्रीचं यंत्र बंद करतो आणि हात जोडून उभा राहतो. नीट बोलला की पुन्हा सुरू. काल चार वेळा बंद केलं. तो ओरडला, “काढून टाकीन!” म्हटलं, “काढा, पण नीट बोलून काढा.”

आज एकदाच बंद करावं लागलं.

आईला यातलं काही सांगू नकोस. माझी खाट मात्र झाडून ठेव.

तुझा,
धाकटा