दोन विंडोज, एक जावई

२० जानेवारी, मंगळवार
आमच्या फ्लेक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकली. स्वतःच्या हाताने. जुनी महिनाभर नाटकं करत होती. काम रंगात आलं की निळी पडून बसायची. आमचे फ्लेक्स छापणारा तासगावचा पप्पू म्हणत होता, तात्या, तुमी हात लावू नगा, माझ्याकडं आणून टाका, समदं पुसून नवं टाकतो. पुसून काय कुणीही टाकेल. मी जुनीला धक्का न लावता शेजारच्या ड्राइव्हवर नवी बसवली. आमच्या वडिलांनी जुनं घर न पाडता शेजारी स्लॅब टाकला, तीच पद्धत.
कुंडलमध्ये असं करणारा मी पहिलाच असणार. चौकशी केलेली नाही.

२१ जानेवारी, बुधवार. सकाळी
किरकोळ बाब. कॉम्प्युटर सुरू केला की आता निळा पडदा येतो आणि विचारतो, कोणती विंडोज उघडू? दोन ओळी. दोन्हींवर 'विंडोज १०' एवढंच. जुळ्या बहिणी, एकसारखे फ्रॉक.
विजयमालाने वरची ओळ दाबली आणि कामाला लागली. मी म्हटलं, जादाची ओळ मी काढून टाकतो. ती म्हणाली, कशाला, वरची दाबली की उघडतंय की. आमच्या मंडळींना एखाद्या गोष्टीच्या मुळाशी जावंसं वाटतच नाही. म्हणून तर डिझाइन तिच्याकडे आणि दुकानाची तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे.

दुपारी
संकल्प: २६ जानेवारीच्या आत ओळ एकच. झेंडावंदनाला जाताना मन स्वच्छ हवं.

२२ जानेवारी, गुरुवार
मेहुण्याचा, म्हणजे विजयमालाच्या धाकट्या भावाचा फोन. सुभेदार जोतीराम ३१ तारखेला बेळगावहून रिटायर होतो, १ तारखेला पाटणला पोचतो. स्टँडपासून घरापर्यंत उघडी जीप, हलगी, लेझीम, फुलं. स्टँडवर मोठा फ्लेक्स. विजयमालाने माहेरी सांगून ठेवलंय, माझ्या भावाचा फ्लेक्स दुसऱ्या कुणाच्या हातचा न्हाई लागायचा. डिझाइन ती करणार, छापायचा तेवढा पप्पूच्या मशीनवर. त्याचा फोल्डर तिने नववर्षालाच काढून ठेवलाय.
अठ्ठावीस वर्षं नोकरी केली की जीप. मी त्याहून जास्त वर्षं दुकान चालवतोय, मला कुणी साधं सायकलवर बसवून फिरवलं नाही. असूयेने लिहीत नाही. निरीक्षण.
शिवाय हा भरतीला निघाला तेव्हा त्याची ट्रंक स्टँडपर्यंत मीच वाहिली होती. नवा जावई असून. त्या दिवसाचा फोटो आहे. फोटोत ट्रंक दिसते, माझा हात दिसतो. बाकीचा मी फोटोग्राफरने कापला.

२३ जानेवारी, शुक्रवार
विजयमाला दिवसभर फोनवर. अख्ख्या भावकीचे फोटो मागवतेय. फ्लेक्सवर फोटो लावणं म्हणजे पंगत वाढण्यापेक्षा नाजूक काम. थोरले वर, धाकटे खाली. एक चुलता पुतण्याच्या खाली गेला तर पुढची दोन लग्नं बोलणं बंद. हे तिला पाठ आहे, ते मान्य करावं लागेल.
माझा फोटो तिने खालून दुसऱ्या ओळीत टाकला. म्हणाली, शुभेच्छुकात. मी म्हटलं, जावयाचा मान सुभेदाराच्या उजव्या हाताला असतो. ती म्हणाली, तिथं आई हाय. सासूबाईंशी, म्हणजे भामाबाईंशी, स्पर्धा करणारा मी नाही.
ब्लेझरमधला फोटो पप्पूच्या व्हॉट्सअ‍ॅपवर परस्पर पाठवला. सोबत सूचना: वरच्या ओळीत, मोठा. वाच्यता नको.

२४ जानेवारी, शनिवार
ओळीच्या विषयाचा सखोल अभ्यास केला. तीन व्हिडिओ पाहिले. पैकी दोन तेलुगूत. बाण कुठे जातो ते बघितलं की भाषेचं अडत नाही.
ओळ काढणं सोपं आहे. प्रश्न एवढाच, जुनी कोणती आणि नवी कोणती? इथे पप्पूसारखा माणूस अडखळला असता. मी पडद्यावरच्या अर्ध्या फ्लेक्सकडे पाहिलं आणि उत्तर मिळालं. थोरला वर, धाकटा खाली. म्हणजे वरची ओळ जुन्या विंडोजची आणि खालची मी टाकलेल्या नव्या विंडोजची. कॉम्प्युटर काय आभाळातून पडलाय? मान ठेवायचं त्यालाही शिकवलं असणारच.
एक शंका आली होती. विजयमाला रोज वरची दाबते आणि ती अजिबात निळी पडत नाही. विचारांती खुलासा मिळाला. शेजारी नवी आली म्हटल्यावर जुनीला वचक बसला.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी
विजयमाला बाजाराला गेली. कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. खालची ओळ दाबली. नवी कोरी विंडोज पहिल्यांदाच बघत होतो, मन भरून आलं.
उघडायला वेळ घेते. नवीच आहे, रुळेल.
पडद्यावर तोच जुना गणपती. तीच आयकॉनची गर्दी. गेल्या दिवाळीचे फराळाचे फ्लेक्ससुद्धा जागच्या जागी. कंपनीचं कौतुक वाटलं. नवी विंडोज, पण जुन्या आठवणी जपून ठेवल्यात. 'जोतीराम सत्कार' नावाचा फोल्डरही दिसला. म्हणजे फ्लेक्सचं काम सुरक्षित. उघडून बघितला नाही. लोकांच्या कामात डोकावायची मला सवय नाही.

सायंकाळी
केलं. व्हिडिओतल्या बाणाच्या मागे मागे गेलो, वरची ओळ निवडली, डिलीट. मग वाटलं, ओळ गेली पण तिचं बिऱ्हाड मागे राहिलं तर उपयोग काय. शेजारचा ड्राइव्ह फॉरमॅट केला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? मी खंबीरपणे हो म्हटलं. पुन्हा विचारलं नाही. ठामपणा यंत्रांना कळतो.
बंद करून सुरू केला. प्रश्न नाही, ओळ नाही, थेट गणपती. दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. समोरच्या गुंडा रसवंतीवाल्याला सांगितलं, गड्या, आज एक मोठं काम झालं. तो म्हणाला, कुणाचं?

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन. मन स्वच्छ.
विजयमाला कामाला बसली. 'जोतीराम सत्कार' उघडला. आत दोन फोटो. एक तिचा, एक म्हशीचा. म्हैस चुकून आलेली होती, असं ती आधीच म्हणाली होती. बाकी भावकी गायब. ट्रंकचा फोटो गायब. अर्धा झालेला फ्लेक्स गायब. मी समजावलं, नवी विंडोज आहे, थोडं थोडं करून दाखवत असेल. तेवढ्यात ती निळी पडली.
विजयमाला म्हणाली, ही जुनी हाय.
मी नियम समजावला. थोरला वर, धाकटा खाली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, आवं, ती मिशिन हाय, तिला कुठली आलीय भावकी.
आणि कॉम्प्युटर बंद करून भाकऱ्या करायला उठली.

२७ जानेवारी, मंगळवार
विजयमाला पुन्हा अख्ख्या भावकीला फोन करतेय. प्रत्येकाला वेगळं कारण सांगतेय. मोठ्या चुलत्याला म्हणाली, फोटो लय झकास व्हता, पर जरा अजून मोठा पायजे. माझं नाव एकदाही घेतलं नाही. हे मला फार लागलं.
माझ्या बाजूने उपाय चालू. निळी पडायच्या आत गेलेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर उतरवायचं. शर्यत आहे. निळी जिंकतेय.

२८ जानेवारी, बुधवार
सॉफ्टवेअर उतरलं. खूप शोधून एक फोटो परत आणला. म्हैस. ती हरवलेली नव्हतीच.
विजयमाला कॉम्प्युटर चादरीत बांधून एसटीने तासगावला गेली. मी म्हटलं, सोबत येतो, तांत्रिक बाजू समजावायला कुणी हवं. ती म्हणाली, तुमी दुकान बघा. दुकानात बघायला काय उरलंय? टेबल आहे.

२९ जानेवारी, गुरुवार
ती पप्पूच्या दुकानात बसून त्याच्याच कॉम्प्युटरवर फ्लेक्स करतेय. पप्पूचा फोन आला. वैनींचा हात लय साफ हाय तात्या, म्हणाला. मग विचारलं, फॉरमॅटच करायचं व्हतं तर मी काय वाईट सांगत व्हतो? मी म्हटलं, रेंज जातेय.
ट्रंकच्या फोटोची मूळ प्रत सासूबाईंकडे देव्हाऱ्यामागे होती. पाटणहून कुणाच्या तरी हाती पिशवीतून आली. माझा हात अजून आहे त्यात.

३१ जानेवारी, शनिवार
फ्लेक्स छापून आला. गुंडाळी मोठी. उघडून बघू म्हटलं तर विजयमाला म्हणाली, हात लावू नगा. हे वाक्य या महिन्यात फार ऐकलं.

१ फेब्रुवारी, रविवार. पाटण
सगळं घडलं तसं लिहितो.
स्टँडवर फ्लेक्स चढला. मधोमध सुभेदार, शेजारी सासूबाई, कोपऱ्यात ट्रंकचा फोटो. भावकी क्रमवार, एकही चुलता नाराज नाही. विजयमालाचा चेहरा बघण्यासारखा होता. मग लोक हसायला लागले. वरच्या ओळीत, सुभेदाराच्या उजव्या हाताला, ब्लेझरमधला मी. सासूबाईंना थोडं सरकवून. आणि खालून दुसऱ्या ओळीत पुन्हा मी. तोच ब्लेझर. खाली तेच नाव, श्री. नाथाजी. पप्पूने दोघांचीही सूचना पाळली. कुणाला विचारायची पद्धतच नाही या माणसाला.
जोतीराम जीपमधून उतरला. आईच्या पाया पडला, बहिणीच्या पाया पडला, फ्लेक्स बघत राहिला. डोळे पुसले. मग विचारलं, ताई, दाजी दोनदा का गं?
विजयमाला म्हणाली, एक जुना हाय. दुसरा हे नवा म्हणून बसवायला गेले. जुना पुसायचा राहिला.
जोतीराम म्हणाला, मग चालतो कंचा?
ती म्हणाली, कंचाबी दाबून बघ, हँगच व्हतोय.
हलगीवाला हलगी खाली ठेवून हसला. सासूबाईंना अर्थ कळला नाही, पण त्या सगळ्यात जास्त हसल्या. नवलाची गोष्ट म्हणजे गेल्या सोमवारनंतर विजयमाला पहिल्यांदाच हसली. तिला हसताना बघून मलाही हसू आलं. शिष्टाचार म्हणून.
मग मिरवणूक. जोतीरामने हाक मारली, दाजी, वर या जीपमदी. सगळ्यांच्या देखत. मी कॉलर नीट केली आणि चढलो. अखेर कुणाला तरी माझी किंमत कळली. त्याने माझ्या मांडीवर ट्रंक ठेवली. म्हणाला, नीट धरा, लय धक्के बसत्यात.
तीच ट्रंक. घरापर्यंत धरून होतो. फुलं ट्रंकेवर पडत होती. फोटोत माझे हात येतील.

२ फेब्रुवारी, सोमवार. कुंडल
पप्पूकडून कॉम्प्युटर आला. सगळं पुसून नव्याने टाकलेलं. विजयमाला देवपूजेत असताना सुरू करून बघितला. निळा पडदा नाही. जादाची ओळ नाही. मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो.
आता पासवर्ड विचारतो.
पासवर्ड विजयमालाला माहीत आहे.